वस्तूशी इमान

1767 च्या सुमारास बॉस्टनमधल्या एका तरुण चित्रकाराने पत्रातून मनातला सल बोलून दाखवला. इथल्या लोकांच्या लेखी चित्रकला म्हणजे पोटापाण्याचा एक उपयोगी धंदा, सुतार, शिंपी आणि मोची यांच्या ओळीत बसणारा. जगातल्या थोर कलांमध्ये तिची गणना होते हे इथे कुणाच्या गावीही नाही, अशी त्याची तक्रार होती. हा चित्रकार म्हणजे जॉन सिंगल्टन कॉप्ली. वय तिशीच्या आतलं, हातात काम भरपूर, गावातली बडी घराणी आपली चित्रं काढून घ्यायला उत्सुक. तरीही लोक आपल्याला कारागिरांत मोजतात हे त्याला खुपत होतं.

पुढच्याच वर्षी, 1768 मध्ये, याच कॉप्लीने एका कारागिराचं चित्र रंगवलं. पॉल रिव्हिअर हा बॉस्टनमधला चांदीकाम करणारा. त्या काळी चित्रासाठी बसायचं म्हणजे ठेवणीतला कोट अंगावर चढवायचा, डोक्यावर केसांचा टोप घालायचा आणि हात कुठेतरी ऐटीत टेकवायचे. रिव्हिअर मात्र नुसत्या सदऱ्यावर बसला आहे. वेस्टकोटाची बटणं उघडी, डोक्यावर टोप नाही, समोर हत्यारं, हातात चांदीची चहादाणी. आणि या माणसाचा रुबाब शेजारच्या कुठल्याही धनाढ्य व्यापाऱ्याच्या चित्रापेक्षा तसूभरही कमी नाही.

कारागिरांच्या पंगतीत बसायला नाखूश असलेल्या माणसाच्या हातून कारागिरीचा एवढा मोठा सन्मान कसा झाला? मला वाटतं, याचं उत्तर कॉप्लीच्या सबंध आयुष्यात पसरलेलं आहे. ज्या गोष्टीचा त्याला कमीपणा वाटत होता, तीच त्याची खरी ताकद होती. समोर जे आहे त्याच्याशी इमान राखायचं, माप चुकवायचं नाही, डोळ्यांनी तपासल्याशिवाय हात पुढे न्यायचा नाही, ही कारागिराची शिस्त त्याच्या अंगात भिनली होती. त्याची कला या शिस्तीवर उभी होती. हे म्हणणं जरा सावकाश, थरामागून थर काढत पाहायला हवं.

सुरुवात त्याच्या घरापासून करू. कॉप्लीचा जन्म 1738 चा. आईवडील आयर्लंडहून आलेले. वडील लवकर गेले. आई बॉस्टनच्या बंदरात, लाँग वॉर्फ नावाच्या लांबलचक धक्क्यावर, तंबाखूचं दुकान चालवायची. 1748 मध्ये तिने पीटर पेलम याच्याशी लग्न केलं. पेलम हा इंग्लंडहून आलेला ताम्रपटावर काम करणारा कारागीर. धर्मोपदेशक कॉटन मॅदर यांचं त्याने केलेलं मेझोटिंट हे अमेरिकन वसाहतींमधलं पहिलं मेझोटिंट मानलं जातं. पण नुसत्या छापांवर संसार चालेना, म्हणून तो मुलांना लिहायला आणि नाचायलाही शिकवायचा. दहा वर्षांचा कॉप्ली या घरात आला आणि त्याच्या डोळ्यांसमोर तांब्याचे पत्रे, शाई, दाबयंत्र आणि ओले छाप आले.

मेझोटिंटचं काम कसं चालतं हे समजून घेतलं तर पुढचं बरंच सोपं होतं. आधी तांब्याचा गुळगुळीत पत्रा दातेरी, गोलसर धारेच्या हत्याराने पुन्हा पुन्हा खरवडतात. वर, खाली, आडवा, तिरपा, असा सगळीकडून. सगळा पृष्ठभाग खडबडीत होतो. अशा पत्र्याला शाई लावून छाप घेतला तर कागदावर मखमलीसारखा दाट काळोख उमटतो. मग कारागीर जिथे उजेड हवा तिथे पत्रा घासत, गुळगुळीत करत जातो. थोडं घासलं की करडा रंग, जास्त घासलं की पांढरा. कपाळ, नाकाचा शेंडा, कॉलरची कड, सगळं काळोखातून वर काढावं लागतं. कॉप्लीच्या मोठेपणीच्या चित्रांत चेहरे आणि हात गडद पार्श्वभूमीतून उजळून पुढे येतात, उजेड आणि सावली यांची सीमा जवळजवळ कापल्यासारखी स्पष्ट असते. ती नजर या घरात तयार झाली असं मानायला पुरेपूर जागा आहे.

पेलम 1751 च्या डिसेंबरमध्ये वारला. कॉप्लीला जेमतेम तीन वर्षं त्याचा सहवास मिळाला. पण हत्यारं घरातच राहिली. 1753 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, या पोराने सावत्र वडिलांनी केलेला एका पाद्रीबुवांचा जुना ताम्रपट घेतला, त्यावरचं डोकं घासून काढलं आणि त्या जागी विल्यम वेल्स्टीड या दुसऱ्या धर्मोपदेशकाचं डोकं बसवलं. झगा, खांदे, चौकट सगळं जुनंच राहिलं. पहिल्या नजरेला ही गरिबाघरची काटकसर वाटते. पण कॉप्लीच्या पुढच्या वीस वर्षांचा नकाशा या एका पत्र्यावर आहे. धड उसनं चालेल, चेहरा मात्र ज्याचा त्याचाच हवा.

कारण उसनं घेतल्याशिवाय बॉस्टनमध्ये गत्यंतरच नव्हतं. तिथे कलाशाळा नव्हती, चित्रसंग्रह नव्हते. जॉन स्मायबर्ट या जुन्या चित्रकाराच्या खोलीत युरोपातल्या काही गाजलेल्या चित्रांच्या नकला आणि पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती होत्या, पण स्मायबर्टही 1751 मध्येच गेला. उरले ते लंडनहून जहाजाने येणारे छाप. लंडनमध्ये जोशुआ रेनल्ड्स याने एखाद्या सरदारकन्येचं चित्र केलं की त्याचा छाप काही काळाने बॉस्टनला पोचायचा. कॉप्लीने श्रीमती बोवर्स यांचं चित्र केलं त्यात बसण्याची ढब, पोशाख, मांडीवरचा कुत्रा, सगळं रेनल्ड्सच्या लेडी कॅरोलाइन रसेल यांच्या चित्राच्या छापावरून जसंच्या तसं उचललेलं आहे. फक्त चेहरा मॅसॅच्युसेट्सचा आहे. गिऱ्हाइकालाही यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट लंडनची ढब हवीच असायची.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं. छाप काळा-पांढरा असतो. तो ढब देतो, पडदा कुठे सोडायचा ते सांगतो, खांब कुठे उभा करायचा ते सांगतो; रंग मात्र देत नाही. गालाखालच्या सावलीत हिरवट छटा किती, निळ्या सॅटिनच्या चुणीत पांढरा किती, मनगटाच्या आत त्वचा कशी फिकी होते, यातलं काहीही छापात नसतं. युरोपातला शिकाऊ चित्रकार हे गुरूच्या चित्रांतून उचलतो, गुरूच्या हाताखाली रंग घोटता घोटता शिकतो. कॉप्लीला ती सोय नव्हती. त्यामुळे रंगाचं सगळं ज्ञान त्याला एकाच ठिकाणाहून मिळवावं लागलं, समोर बसलेल्या माणसाकडून. चित्राचा सांगाडा परका आणि रंगाचा कण न्‌ कण प्रत्यक्ष पाहून घेतलेला, असं हे विचित्र मिश्रण होतं. त्यातल्या दुसऱ्या भागाने त्याला मोठं केलं.

तो रंग कसा पाहायचा याबद्दलची एक आठवण विल्यम डनलॅप याने 1834 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन कलेच्या इतिहासात नोंदवली आहे. चेहऱ्याच्या प्रत्येक भागासाठी, उजेडातल्या, सावलीतल्या आणि परावर्तित प्रकाशातल्याही, कॉप्ली पॅलेट-नाईफवर वेगळी छटा तयार करायचा आणि ती समोरच्या माणसाच्या त्वचेशी ताडून पाहायचा. कॅनव्हासला हात लावण्याआधी यातच प्रचंड वेळ जायचा. समोर बसणारे कंटाळून जायचे. पण ही पद्धत कुठून आली हे उघड आहे. शिंपी कापडाशी दोरा ताडून पाहतो, सुतार दोन फळ्यांचा रंग उजेडात धरून जुळवतो, तसा कॉप्ली चेहऱ्याशी रंग जुळवत होता. ज्या धंद्यांच्या ओळीत बसायला त्याचं मन घेत नव्हतं, त्यांचीच रीत त्याच्या हातात होती.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. बॉस्टनमध्ये लोकांना चित्रात काय हवं असतं, तर निव्वळ साम्य, याचंही कॉप्लीला वाईट वाटायचं. माणसांच्या आठवणी जपायची गरज नसती तर या गावात चित्रकला कुणाला ठाऊकही झाली नसती, असं त्याचं मत होतं. त्याची निराशा खरी होती. त्याला इतिहासातले मोठे प्रसंग रंगवायचे होते आणि लोक त्याला नाक, डोळे आणि झालरी रंगवायला लावत होते. पण हे लोक कोण होते ते पाहिलं तर या मागणीची दुसरी बाजू दिसते. निकोलस बॉयल्स्टन हा आयात मालाचा मोठा व्यापारी. जॉन हॅन्कॉकला काकांचा अवाढव्य व्यापार नुकताच वारशात मिळाला होता, तेव्हा 1765 मध्ये कॉप्लीने त्याला हिशेबाच्या वहीपुढे, हातात लेखणी दिलेला असा रंगवला. ही माणसं मालावर जगणारी. चिमटीत धरून कापडाचा दर सांगणारी, लाकडावर टकटक करून ते कुठलं आहे हे ओळखणारी. त्यांच्या बायका लेसचा एक हात पाहून तिची किंमत सांगणाऱ्या. अशा गिऱ्हाइकापुढे खोटं सॅटिन खपत नाही. लंडनच्या चित्रकाराला टीकाकारांचं भय होतं. कॉप्लीला माल ओळखणाऱ्यांचं. वस्तू खरी उतरलीच पाहिजे हा दंडक त्याला या गावाने घालून दिला, आणि त्याच्यासाठी तीच शाळा ठरली.

आता रिव्हिअरच्या चित्राजवळ जाऊ. रिव्हिअरचा उजवा हात हनुवटीला टेकलेला आहे, डाव्या हातात चहादाणी. ती घडवून पूर्ण झाली आहे, पण तिच्या अंगावर अजून नक्षी नाही. खाली कातड्याची उशी आहे. नक्षी कोरताना भांडं घसरू नये, हवं तसं फिरवता यावं म्हणून वापरतात ती. टेबलावर कोरण्या पडल्या आहेत. म्हणजे कॉप्लीने नेमका तो क्षण धरला आहे जेव्हा कोरणी उचलायची आहे आणि त्याआधी माणूस थांबून विचार करतो आहे. हनुवटीवरचा हात त्या विचाराचा आहे, चहादाणीवरचा हात कामाचा. एकाच माणसाच्या दोन हातांत कॉप्लीने बुद्धी आणि कसब शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि दोन्हींवर सारखाच उजेड टाकला आहे.

चहादाणीच्या फुगीर पोटाकडे पाहिलं तर तिथे रिव्हिअरच्या बोटांचं प्रतिबिंब दिसतं. वळणदार चांदीत बोटं थोडी वाकडी होऊन उमटली आहेत. खालच्या चकचकीत टेबलातही हत्यारांची छाया आहे. हे चांदीच्या पृष्ठभागाचं ज्ञान आहे, आणि ते वरवर पाहून येणारं ज्ञान नाही. रिव्हिअरच्या हिशेबाच्या वह्यांत कॉप्लीचं नाव आहे. छोट्या व्यक्तिचित्रांसाठी लागणाऱ्या चौकटी तो रिव्हिअरकडून घडवून घेत असे. दोघांचा व्यवहार होता, एकमेकांच्या कामाची पारख होती. शिवाय कोरणी म्हणजे काय, ती तळहातात कशी बसते, धातूत कशी शिरते, हे कॉप्लीला बाहेरून शिकावं लागलं नव्हतं. ताम्रपटाच्या घरात वाढलेल्या मुलाला ते ठाऊक होतं. एका कारागिराने दुसऱ्या कारागिराकडे बरोबरीच्या नात्याने पाहिलं, म्हणून हे चित्र असं उतरलं.

हे काही आपोआप घडत नव्हतं. तीनेक वर्षं आधी, 1765 च्या सुमारास, कॉप्लीने नॅथॅनिएल हर्ड या दुसऱ्या चांदीकाम करणाऱ्याचं चित्र सुरू केलं होतं. त्याचे दोन कॅनव्हास आज आहेत. एक अर्धवट राहिलेला. त्यात हर्ड कामाच्या साध्या कपड्यांत आहे. दुसरा पुरा झालेला. त्यात तो हिंदुस्थानी वळणाचा सैल, उंची झगा घालून, डोक्यावर टोपी चढवून, पुस्तकांसमोर बसला आहे. तिथे कारागिराला सभ्य गृहस्थ दाखवायला धंदा झाकावा लागला. रिव्हिअरच्या वेळी झाकाझाक नाही. या दोन चित्रांमधलं अंतर म्हणजे कॉप्लीच्या हाताने केलेला प्रवास आहे. त्याची पत्रं अजून धंद्याच्या ओळीबद्दल कुरकुरत होती, हात मात्र केव्हाच पुढे गेला होता.

पण एक आक्षेप घेता येईल. प्रतिबिंब, चकाकी, सॅटिनची चुणी, हे सगळं झालं कौशल्य. कौशल्य म्हणजे कला नव्हे. हाच आक्षेप लंडननेही घेतला होता. कॉप्लीने 1765 मध्ये आपला सावत्र भाऊ हेन्री पेलम याचं चित्र केलं: एक मुलगा टेबलाशी बसला आहे, बोटांत सोन्याची बारीक साखळी, टेबलावर पाण्याचा पेला आणि दाणा कुरतडणारी उडती खार. गिऱ्हाइकाची मागणी नसताना, केवळ लंडनकरांनी पाहावं म्हणून काढलेलं हे चित्र 1766 मध्ये तिथल्या कलाकारांच्या संस्थेच्या प्रदर्शनात लागलं. रेनल्ड्सने ते उचलून धरलं. मात्र रेषांचा कडकपणा, सावल्यांतला थंडपणा आणि बारकाव्यांचा अतिरेक हे दोष त्याने दाखवले, आणि बॉस्टनच्या छोट्या जगात हात पक्का बसून बिघडण्याआधी युरोपात यावं असा सल्ला दिला. बेंजामिन वेस्ट या लंडनमध्ये स्थिरावलेल्या अमेरिकन चित्रकारानेही रेषा फार ठळक असल्याचं कळवलं.

हे दोष चित्रात आहेत, त्यात वाद नाही. पण त्या बारकाव्यांमुळे काय घडतं तेही पाहायला हवं. खारीकडे मुलाचं लक्ष नाही. तो दूर कुठेतरी पाहतो आहे. साखळी बोटांतून सैल सुटली आहे. साखळीची प्रत्येक कडी, पेल्यातलं पाणी, टेबलात उमटलेला हात इतके नेमके आहेत, म्हणूनच त्या मुलाची नजर इथून निघून गेली आहे हे आपल्याला जाणवतं. वस्तू जागच्या जागी राहिल्या आणि मन दुसरीकडे गेलं. वस्तू धूसर असत्या तर हे अंतर दिसलंच नसतं. कौशल्य इथे माणसाच्या आत जाण्याची वाट बनलं आहे.

1773 मधलं मिफ्लिन दांपत्याचं चित्र हेच आणखी मोकळेपणाने सांगतं. फिलाडेल्फियाचे थॉमस मिफ्लिन पुढे पेनसिल्व्हेनियाचे पहिले गव्हर्नर झाले. पण चित्रात पुढे आहेत त्या सारा मिफ्लिन. त्यांच्या समोर छोटा हातमाग आहे आणि त्या त्यावर झालर विणत आहेत. नवरा मागे, पुस्तकात बोट घालून, वाचता वाचता थांबून बायकोकडे पाहतो आहे. ब्रिटिश मालावर बहिष्काराचे ते दिवस. घरी विणलेली झालर ही भूमिकाही होती. तिचा उच्चार कॉप्लीने भाषणातून केला नाही, हातांतून केला. ताणलेला दोरा, त्याला धरणारी बोटं, कामात व्यत्यय न आणता आपल्याकडे वळलेली शांत, करारी नजर. सारा मिफ्लिन यांचा स्वभाव आपल्याला त्यांच्या विणण्यातून कळतो. वस्तूशी इमान राखणारा चित्रकार माणसाशी असं इमान राखू शकतो, कारण माणूस आपल्या कामातून, हातांतून आणि वापरातल्या वस्तूंतून उघडा होत असतो.

याच इमानाची आणखी एक बाजू होती. कॉप्लीने सॅम्युएल अ‍ॅडम्स यांना रंगवलं: साध्या लोकरी कपड्यांत, एका हातात कागद घट्ट धरलेले, दुसऱ्या हाताचं बोट मॅसॅच्युसेट्सच्या सनदेवर रोखलेलं. त्यानेच ब्रिटिश सेनापती थॉमस गेज यांनाही रंगवलं. राजाच्या बाजूचे आणि राजाच्या विरोधातले, दोघेही त्याच्यासमोर बसले आणि दोघांनाही सारखाच न्याय मिळाला. राजकारणाची भांडणं कलावंताला आणि कलेला मानवत नाहीत, पक्षाचा शिक्का आपल्यावर बसू नये, असं तो वेस्टला लिहीत होता. पाहणाऱ्याने आधी पाहावं, निवाडा त्यानंतर. आणि तोही शक्यतो चित्र बघणाऱ्यावर सोडावा, असा या भूमिकेचा अर्थ होतो.

पण काळाने ही भूमिका टिकू दिली नाही. 1769 मध्ये कॉप्लीने सुझॅना क्लार्क हिच्याशी लग्न केलं होतं. तिचे वडील रिचर्ड क्लार्क हे ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाचे बॉस्टनमधले अडते. 1773 च्या अखेरीस चहाची जहाजं बंदरात आली तेव्हा गाव खवळलं. अडत्यांनी कॅसल विल्यम या बेटावरच्या किल्ल्याचा आसरा घेतला. कॉप्ली भर सभेत उभा राहिला, किल्ल्यावर जाऊन आला, दोन्ही बाजूंना समजावत राहिला. तोड निघाली नाही आणि 16 डिसेंबरला चहा समुद्रात गेला. 1774 च्या एप्रिलमध्ये एका रात्री जमाव त्याच्या दारात आला; राजाच्या बाजूचा एक पाहुणा घरात आहे असा त्यांचा समज होता. पाहुणा निघून गेला होता. पण तो असता तर मित्राला जमावाच्या हवाली करायचं की घर उद्ध्वस्त होऊ द्यायचं, हा प्रश्न कॉप्लीला सोडेना. त्या जूनमध्ये तो जहाजात बसला. पुढच्या वर्षी बायको-मुलंही आली. मागे आजीपाशी ठेवलेलं तान्हं मूल मात्र वाचलं नाही. कॉप्ली पुन्हा कधीही अमेरिकेला परतला नाही.

लंडनने त्याला ते सगळं दिलं ज्याची त्याला आस होती. इटलीत जाऊन त्याने थोर चित्रं डोळ्यांनी पाहिली, पार्मात कोरेज्जोच्या चित्राची नक्कल केली. 1779 मध्ये तो रॉयल अकादमीचा पूर्ण सदस्य झाला. इतिहासातले प्रसंग त्याने भल्या मोठ्या कॅनव्हासवर रंगवले. लॉर्ड चॅथम यांच्या मृत्यूचं चित्र पाहायला हजारो लोक तिकीट काढून आले. त्याच्या कुंचल्याला मोकळेपणा आला, रंग वाहू लागले. म्हणून बॉस्टनचा कॉप्ली खरा आणि लंडनचा खोटा अशी सोपी वाटणी मला करता येत नाही. त्याची इंग्लंडमधली काही चित्रं थोर आहेत. प्रश्न इतकाच, ती थोर कुठे आहेत?

1778 चं 'वॉटसन अँड द शार्क' घ्या. हवानाच्या बंदरात पोहताना शार्कने पाय तोडलेला मुलगा, त्याला वाचवायला धावलेली होडी. शार्क पाहिला की लक्षात येतं, हा मासा चित्रकाराच्या पाहण्यातला नसावा. त्याच्या तोंडाला ओठ असल्यासारखे दिसतात. पण होडीच्या मध्यभागी उभा असलेला कृष्णवर्णीय खलाशी, ज्याच्या हातातली दोरी मुलाकडे गेली आहे, तो हलवून सोडतो. त्याच्यासाठी कॉप्लीने जिवंत माणूस समोर बसवून तैलरंगात चेहऱ्याचा स्वतंत्र अभ्यास केला होता, आणि तो अभ्यास आज डेट्रॉइटच्या संग्रहालयात आहे. मेजर पीअर्सन यांच्या मृत्यूच्या चित्रात पळणाऱ्या बायका-मुलांसाठी त्याने आपल्याच घरच्यांना उभं केलं. त्या घाबरलेल्या चेहऱ्यांवरून नजर हटत नाही. चॅथमच्या चित्रासाठी त्याने उमरावांचे चेहरे एकेक करून टिपले. जिब्राल्टरच्या वेढ्याच्या अवाढव्य चित्रासाठी तो हॅनोव्हरच्या अधिकाऱ्यांना गाठायला जर्मनीत गेला. म्हणजे अकादमीचा कॉप्लीही जिथे जिंकतो तिथे बॉस्टनच्या कारागिराच्या पद्धतीनेच जिंकतो, माणूस समोर बसवून, रंग ताडून पाहून. जिथे समोर काही नसतं आणि नुसती भव्यता असते, तिथे त्याचा हात चाचपडतो.

उतारवयात मागणी घटली, कर्ज वाढलं. 9 सप्टेंबर 1815 रोजी तो लंडनमध्ये वारला. मुलगा वकिलीत वर चढत होता. पुढे तो लॉर्ड लिंडहर्स्ट या नावाने तीनदा इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला. बापाला आयुष्यभर ज्या प्रतिष्ठेची ओढ होती ती घराण्यात अशी आली, पण दुसऱ्याच वाटेने.

कॉप्लीची तक्रार चुकीची होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. कलावंताला मान हवा, मोठी चित्रं पाहायला मिळायला हवीत, आणि बॉस्टन त्याला यातलं काहीच देऊ शकत नव्हतं. त्याची भूक खरी होती. चुकली ती फक्त त्याची मोजपट्टी. त्याने थोर कला एका टोकाला ठेवली आणि सुतार, शिंपी, मोची दुसऱ्या टोकाला. प्रत्यक्षात त्याची सगळी थोर चित्रं या दोन टोकांना जोडणाऱ्या रस्त्यावर उभी आहेत. जोड खरा बसेपर्यंत सुतार उठत नाही, आणि छटा खरी जुळेपर्यंत कॉप्ली कॅनव्हासला हात लावत नव्हता. ही एकच वृत्ती आहे. ती कशावर खर्च होते एवढाच फरक. लाकडावर खर्च झाली तर टेबल चांगलं होतं. माणसाच्या चेहऱ्यावर खर्च झाली तर अडीचशे वर्षांनंतरही तो चेहरा आपल्याशी बोलतो. कामाला मान मिळतो तो ते कुठल्या ओळीत बसवलं आहे यावरून नव्हे, त्यात किती लक्ष ओतलं आहे यावरून. आणि हे कॉप्लीच्या पत्रांपेक्षा त्याच्या चित्रांनीच अधिक ठामपणे सांगून ठेवलं आहे.